मागे राहिलेले मूल आणि आपले देणे



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून ज्यांचे नित्य येणेजाणे आहे, अशा उपदेशकबंधूंस पुढील गोष्ट नवी नाही. इयत्ता पाचवीच्या पटावर ज्याचे नाव आहे, ज्याची हजेरी बरी आहे, ज्यास शाळेतून पुस्तके मिळालेली आहेत, असे एखादे मूल आपण जवळ बसवावे, त्याच्या हाती दुसरीच्या मापाची आठदहा ओळींची गोष्ट द्यावी, आणि त्याने पहिल्या जोडाक्षरापाशी अडखळून आपल्या तोंडाकडे पाहू लागावे. त्याच बाकावर शेजारी बसणारे दुसरे मूल तीच गोष्ट खळखळा वाचून दाखविते. दोघांचे वय एक, मास्तर एक, फळा एक. हे अंतर कसे मोजावे व कमी कसे करावे, हा प्रश्न शिक्षणखात्याचा आहे, आणि ते खाते आपल्या परीने त्याचे उत्तर शोधीत असते. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. तो नीतीचा आहे, आणि त्याविषयीच आज चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. तो असा की, मास्तरापाशी तास एकच असेल, आणि एक मूल पुढे गेलेले व दुसरे मागे राहिलेले असेल, तर तो तास न्यायाने कोणाचा?

प्रथम अंतर केवढे आहे ते पाहू. मुंबईत स्थापन झालेली 'प्रथम' नावाची संस्था २००५ सालापासून ग्रामीण भारतात 'असर' नावाची पाहणी करीत आली आहे. तिची रीत साधी आहे. मुलाची परीक्षा वर्गात न घेता त्याच्या घरी घेतात. त्यास ओसरीवर बसवून एक कागद पुढे करितात. त्यावर आधी सुटी अक्षरे, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या मापाचा लहानसा उतारा, आणि शेवटी दुसरीच्या मापाची गोष्ट असते. मूल जेथवर वाचील ती त्याची पायरी. या पाहणीप्रमाणे २०१८ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी शेकडा ५०.५ मुलांस दुसरीची गोष्ट वाचता येत होती. पुढे करोनाची साथ आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या आपल्या राज्यात पहिली ते चौथीच्या मुलांकरिता डिसेंबर २०२१ उजाडेपर्यंत उघडल्या नाहीत. २०२२ साली वरील आकडा ४२.८ वर घसरला, आणि २०२४ साली पुन्हा चढून ४८.८ झाला. म्हणजे घसरलेले पुष्कळसे भरून आले, यात संशय नाही, आणि ज्या शिक्षकांनी ते भरून काढिले त्यांचे श्रम थोडे नव्हेत. तथापि पाच वर्षे शाळेत घालवूनही निम्म्या मुलांस दुसरीचे वाचता येत नाही, ही गोष्ट साथीच्या आधीही होती व नंतरही आहे.

आणि सरासरी हा शब्द फार फसवा आहे. पांढरकवड्याच्या बाजारपेठेत ज्याच्या घरी मोबाइल होता, आई शिकलेली होती व शिकवणीचा मास्तर फोनवर भेटत होता, त्या मुलाचे ते वीस महिने निराळे गेले. आणि झरी-जामणीकडील ज्या पोडावर फोनला रेंजच नाही, तेथील मुलाचे निराळे गेले. दोघांची सरासरी काढली म्हणजे दोघांपैकी कोणाचीच स्थिती कळत नाही.

येथे मोजणाऱ्यांस एक सूचना केल्यावाचून राहवत नाही. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा उच्चार 'य' असा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पुस्तकात 'शाळा' असे छापलेले असते आणि मूल 'शाया' असे वाचते. 'मला' असते आणि ते 'मले' म्हणते. हे मूल चुकले काय? ते मुळीच चुकलेले नाही. त्याने अक्षर ओळखिले, अर्थ जाणिला, आणि तो आपल्या आईच्या बोलीत सांगितला. ज्यास वाचता येत नाही तो 'शाळा' पाहून 'शाया' कधीच म्हणणार नाही. तरी पुणेरी कानाचा परीक्षक त्याचा गुण कापील, आणि मूल मात्र एवढेच शिकेल की आपल्या तोंडून निघते ते अशुद्ध, सबब तोंड न उघडलेले बरे. वर्गात सर्वांत मागे बसून गप्प राहणारी कित्येक मुले अशीच तयार झालेली असतात.

वऱ्हाडी बोलणाऱ्याची ही गत, तर ज्याची घरची भाषा मराठीच नव्हे त्याचे काय? आपल्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे २७ लाख ७२ हजार लोकवस्ती होती, आणि तीत आदिवासी समाजाचे प्रमाण शेकडा अठराहून अधिक होते. कोलामांची कोलामी व गोंडांची गोंडी या भाषा तेलुगूच्या कुळातल्या आहेत. मराठीशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. गोंड मूल पाण्यास 'एर' म्हणते. तांड्यावरील बंजारा मूल आईस 'याडी' म्हणते. सहा वर्षांचे होईतो त्याने ज्या शब्दांनी भूक, तहान, भीती व माया सांगितली, ते सारे शब्द शाळेच्या उंबरठ्यावर खाली ठेवून त्यास आत यावे लागते. मग पहिल्या दिवसापासून त्यास दोन कामे एकदम करावी लागतात: अक्षर शिकावयाचे, आणि ते अक्षर ज्या भाषेचे आहे ती भाषाही शिकावयाची. शेजारच्या मुलास पहिलेच काम असते. वर्षाच्या अखेरीस दोघांस एकच प्रश्नपत्रिका मिळते, आणि मग आपण म्हणतो की एक हुशार व एक मठ्ठ निघाला!

दुसरे कारण कापूस. दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि पौष-माघापर्यंत वेचणी चालते. वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून घरातील जितके हात तितके बरे. लहान भावंडास सांभाळण्यास कोणी लागते, गुरांमागे कोणी लागते. आणि शाळेचे खरे शिकण्याचे महिने नेमके हेच. तिसरे कारण ऊस. पुसद-महागावाकडील कित्येक तांड्यांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि मुले बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये आईबापांबरोबर जातात. सरकारने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढिली आहेत, हे चांगलेच आहे. पण सात वर्षांची मुलगी मागे ठेवून जाण्यास आईचे मन धजत नाही, आणि त्याबद्दल तिला कोण दोष देईल? चौथे कारण द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोन मास्तर. त्यांतला एक पंचायत समितीच्या बैठकीस किंवा कसल्याशा नोंदी भरण्यास गेलेला असेल तर चार इयत्ता व एक मास्तर. असा मास्तर ज्यांचे हात वर होतात त्यांस विचारतो, त्यांच्याबरोबर पाठ पुढे नेतो, आणि पुस्तक संपवितो. कारण पुस्तक संपले की नाही हेच त्यास वरून विचारले जाते.

आता ही सारी कारणे डोळ्यांपुढे असताना लोक काय उत्तर देतात ते ऐका. 'त्याचे डोकेच चालत नाही.' हे उत्तर आम्ही बापांच्या तोंडून ऐकले आहे, मास्तरांच्या तोंडून ऐकले आहे, आणि खेदाची गोष्ट ही की मंडळीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. कोणी 'नशीब' म्हणतो, कोणी 'जात' असे न म्हणता 'वळण' म्हणतो; पण अर्थ एकच. वाचकहो, हे शब्द कोठे ऐकल्यासारखे वाटतात काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांविषयी गावाने हेच म्हटले होते. यांस विद्या येणार नाही, यांच्या जिभेला अक्षर वळणार नाही, यांनी ढोरे राखावीत. त्याच घराण्यांतून पुढे शिक्षक निघाले, परिचारिका निघाल्या, पाळक निघाले; पूर्वी फायनल पास झालेला मनुष्य साऱ्या पंचक्रोशीत एकच असे, आणि तो आपल्या वस्तीतला निघाला म्हणजे लोक त्यास पाहावयास येत. त्या आजोबांचे डोके काय एका पिढीत बदलले? बदलले ते एवढेच की कोणी तरी त्यांच्याजवळ बसले. आणि आज तीच आपण माणसे पोडावरच्या कोलाम पोराकडे बोट दाखवून तेच वाक्य बोलतो. दुसऱ्याने आपल्यास लावलेले माप खोटे ठरले, हे ज्याच्या घरात घडले आहे, त्याने तेच माप दुसऱ्यास लावावे, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

डोक्याविषयी एक पुरावा देतो. गेल्या हंगामात केळापूर तालुक्यातील एका शेताच्या बांधावर सहावीतली एक मुलगी आईच्या वेचणीचा हिशेब करीत होती. तीन दिवसांचे किलो निरनिराळे, मधल्या दिवशी दर वाढलेला, आणि त्यातून उचल वजा करावयाची. तिने तो हिशेब तोंडी केला व शेतमालकाची सात रुपयांची चूक दाखवून दिली. मग आम्ही तिला पाटीवर भागाकाराचे एक साधे उदाहरण घातले, तर ती गोंधळली. हा एकटीचा प्रकार असेल असे कोणास वाटेल. पण २०२५ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असेच लिहिले आहे. ती मुले गिऱ्हाइकाशी अवघड हिशेब बिनचूक करीत. पण तोच हिशेब शाळेच्या रीतीने कागदावर घातला म्हणजे अडत. आणि उलट बाजूने, शाळेत जाणारी व बाजार न करणारी मुले कागदावरचे उदाहरण सोडवीत, परंतु बाजारातल्या हिशेबात मागे पडत. यावरून डोके दोघांसही आहे एवढे तर ठरलेच. शाळेने एकीकडून व बाजाराने दुसरीकडून जो पूल बांधावयाचा तो बांधला गेला नाही. मग परीक्षेच्या कागदावर शून्य आले ते कोणाचे?

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन याच्या देखरेखीखाली सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची मोठी पाहणी झाली, आणि तीत असे दिसून आले की शाळांच्या इमारती व साधने यांतील फरकापेक्षा मुलाच्या घरच्या स्थितीचा त्याच्या गुणांशी अधिक संबंध असतो. पुष्कळांनी यावरून असे अनुमान काढिले की, मग शाळेच्या हाती काही नाही. आमच्या मते हे अनुमान उतावळे आहे. घरामुळे अंतर पडते हे खरे. पण म्हणूनच ज्यास घरी मिळत नाही त्यास शाळेवाचून दुसरे कोठून मिळणार? ज्याच्या घरी विहीर आहे त्यास गावाच्या विहिरीचे मोल कमी. ज्याच्या घरी नाही त्याचे सारे गावाच्या विहिरीवर.

याच शास्त्रातील विद्वानांनी या अंतरास एक नाव दिले आहे, ते आपल्या वाचकांस ऐकून आश्चर्य वाटेल. ते त्यास 'मत्तय-परिणाम' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९६८ साली शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या मानाविषयी लिहिताना हे नाव योजिले, आणि कीथ स्टॅनोविच याने १९८६ साली ते वाचन शिकणाऱ्या मुलांस लावले. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, ज्यापाशी आहे त्यास आणखी मिळते व ज्यापाशी नाही त्याचे असलेलेही जाते, असा जो भाव आहे त्यावरून हे नाव निघाले. स्टॅनोविचचे म्हणणे असे की, ज्यास लवकर वाचता येते ते मूल अधिक वाचते. अधिक वाचल्याने त्याचे शब्द वाढतात. शब्द वाढल्याने पुढचे वाचन सोपे होते. ज्यास येत नाही ते वाचण्याचे टाळते, आणि टाळल्यामुळे आणखी मागे पडते. पहिलीत चार बोटांचे असलेले अंतर सातवीत पुरुषभर होते ते या रीतीने. हे निरीक्षण खरे आहे. ज्याने शाळा पाहिली आहे तो ते नाकारणार नाही.

पण विद्वानांनी नाव घेतले ते त्या दृष्टान्ताच्या शेवटल्या भागावरून, आणि आमची तक्रार येथे आहे. ज्यांनी सारा दृष्टान्त वाचला आहे त्यांनी आठवून पाहावे. धन्याने परगावी जाताना तिघा दासांस निरनिराळ्या रकमा सोपविल्या. एकास पाच भाग, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. परत आल्यावर पाचवाल्याने पाचाचे दहा करून दाखविले, दोनवाल्याने दोनाचे चार केले. आता जगाच्या निकालपत्रकाप्रमाणे पहिल्याचा नंबर पहिला आणि दुसऱ्याचा त्याच्या बराच खाली लागावयास पाहिजे होता. दहा कोठे व चार कोठे! पण धन्याने दोघांस जी शाबासकी दिली ती शब्दशः एकच आहे. एका अक्षराचाही फरक तीत नाही. ज्याने आरंभी किती दिले होते हे ध्यानात ठेविले, त्याच्या हिशेबाने दोघांची मिळकत सारखी होती. आपल्या शाळांतून असा हिशेब कोण करितो? पोडावरून आलेले मूल एका अक्षरावाचून पहिलीत बसले, दोन वर्षांत एक परकी भाषा शिकले, आणि आता शब्द वाचू लागले. गावातले मूल बाराखडी घरून शिकून आले आणि आता गोष्ट वाचते. यांतील कोणाची वाटचाल मोठी, हे निकालपत्रक सांगत नाही. ते फक्त कोण कोठे उभा आहे एवढेच सांगते.

आणि तिसरा दास? त्याचा दोष त्यास थोडे मिळाले हा नव्हता. त्याने मिळालेले जमिनीत पुरून ठेविले हा होता. हा दृष्टान्त मागे राहिलेल्या मुलास लावणारे लोक येथे पात्रे उलटी धरितात, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा वर्षांचे पोर हा काही हिशेब मागितला जाणारा दास नव्हे. ते स्वतःच सोपविलेली ठेव आहे. ती ठेव ज्यांच्या हाती दिली, म्हणजे आईबाप, मास्तर, गाव व मंडळी, त्यांच्याकडे हिशेब आहे. शेवटच्या बाकावर पाच वर्षे गप्प बसविलेले मूल ही पुरून ठेविलेली रक्कम आहे, आणि खड्डा मुलाने खणलेला नाही.

तर तो तास कोणाचा, या मूळ प्रश्नाकडे वळू. कित्येक भले लोक म्हणतात की तास सर्वांचा सारखा. न्याय म्हणजे समान वाटणी. हे म्हणणे प्रथमदर्शनी निर्दोष दिसते. पण शेतकऱ्यास विचारा. पेरणी झाली, आठदहा दिवसांत रोपे वर आली, आणि तासात मधून मधून रिकाम्या जागा दिसल्या, तर तो काय करितो? ज्या ठिकाणी बी उगवले नाही तेथे तो पुन्हा बी टोबतो. यास नांगे भरणे म्हणतात. उगवलेल्या रोपांजवळही दुसरे बी टोबले पाहिजे, नाही तर अन्याय होईल, असे कोणी शेतकरी म्हणत नाही. बी उगवले नाही म्हणून बियाची जातही कोणी काढीत नाही. ढेकूळ आड आले असेल, बी खोल गेले असेल, पावसाने ताण दिला असेल, असे तो पाहतो. आणखी एक गोष्ट तो जाणतो. नांगे वेळेत भरावे लागतात. महिना उलटल्यावर टोबलेले बी उगवते, पण भोवतालच्या झाडांच्या सावलीत ते खुरटते. दुसरी-तिसरीत जे भरावयाचे ते आठवीत भरू म्हणणारा याच कारणाने फसतो.

मागे पडलेल्यास अधिक दिले तर पुढे गेलेल्याचे नुकसान होईल, ही भीती खोटी नाही, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. आणि ते प्रयोगाने दिले गेले आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई व वडोदरा या शहरांत 'बालसखी' नावाची योजना चालविली होती. वस्तीतलीच थोडीबहुत शिकलेली तरुण मुलगी नेमावयाची, आणि तिने तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर निराळी घेऊन त्यांच्या पायरीपासून शिकवावयाचे. २००१ ते २००३ च्या दरम्यान बॅनर्जी, दुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी, काही शाळांस बालसखी देऊन व काहींस न देऊन, काटेकोर तुलना केली. जी मुले बालसखीकडे गेली त्यांचे गुण ठळकपणे वाढले, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागच्यांचा झाला. वर्गात राहिलेल्या पुढच्या मुलांचे काही बिघडले नाही. त्यांचा वर्ग तेवढ्या वेळापुरता लहान झाला होता, तरी त्याचा त्यांस म्हणण्यासारखा फायदाही झाला नाही! यावरून मोठ्या पगाराचा मास्तर व लहान वर्ग एवढ्याने काम होत नाही. मूल जेथे उभे आहे तेथे जाऊन कोणी तरी त्याचा हात धरिला पाहिजे, हे दिसते. अशा कामांबद्दल त्या दोघांस मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही गोष्ट आपल्या भूमीस अगदी नवी आहे असे नव्हे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी सरकारास हेच विचारले होते की, रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे त्यांनी मागितले, आणि शिक्षक शक्य तो शेतकरीवर्गातून तयार करावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असेही सुचविले. बालसखी ही त्याच विचाराची शंभर-सव्वाशे वर्षांनंतरची नात म्हटली तरी चालेल.

आता परीक्षेविषयी. कोणी असे समजू नये की आम्ही परीक्षेच्याच विरुद्ध आहो. ताप मोजल्यावाचून औषध देणारा वैद्य धोक्याचा. पण मोजणे दोन प्रकारचे असते. वैद्य ताप मोजतो तो औषध ठरविण्यासाठी. अडत्या कापूस तोलतो तो भाव ठरविण्यासाठी. शाळेतले मोजणे पहिल्या प्रकारचे असावे. ते दुसऱ्या प्रकारचे केले म्हणजे काय होते, याचा अनुभव इंग्लंडने घेतला आहे. तेथे १८६२ साली रॉबर्ट लो याच्या पुढाकाराने असा नियम झाला की, शाळेस मिळणारे सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर व वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेत किती मुले उतरली यावर द्यावयाचे. परिणाम हाच झाला की मास्तर पोरांकडून नेमलेली पुस्तके पाठ करून घेऊ लागले, आणि जे पाठ होत नव्हते ते शिकविणे टाकून देऊ लागले. मॅथ्यू आर्नल्ड हा स्वतः सरकारी इन्स्पेक्टर असूनही त्याविरुद्ध लिहीत राहिला. एकोणिसावे शतक संपण्याच्या आत ती पद्धत मोडून टाकावी लागली. आज आपल्याकडे शाळेचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून फळ्यावर उत्तरे लिहून देणारा मास्तर आढळला, तर त्याचा राग येण्यापूर्वी त्याच्या डोक्यावर कोणते माप टांगलेले आहे तेही पाहावे.

नापास करावे की न करावे, हा वादही असाच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये असे ठरविले. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षेचा नियम पुन्हा आणिला. दोन्ही बाजूंस शहाणी माणसे आहेत. आम्हांस इतकेच दिसते की, न वाचता येणारे मूल पाचवीतून सहावीत ढकलिले काय, किंवा पाचवीतच आणखी एक वर्ष त्याच बाकावर बसविले काय, जर कोणी त्याच्याजवळ बसून त्यास अक्षर शिकविले नाही, तर त्याचे वर्ष दोन्हीकडून गेले. भेद एवढाच की एकात त्याची लाज गावास कळत नाही, व दुसऱ्यात कळते.

तर उपदेशकबंधूंनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या वस्तीत अशी पाच-सहा मुले आहेत. ती कोणती, हे जाणण्यास कोणा अधिकाऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या चार पायऱ्यांचा कागद हाताने लिहून काढिता येतो, आणि एका मुलामागे पाच मिनिटे पुरतात. त्यात नंबर लावू नये, व एकाची पायरी दुसऱ्यास सांगू नये. वेचणीच्या दिवसांत कापसाचे वजन होऊन लोक घरी परततात, तेव्हापासून जेवण होईतो जो वेळ असतो तो या कामास बरा पडतो. दहावी झालेली व घरी बसलेली मुलगी बहुतेक वस्तीत असते. तिला दोन महिने सोबत दिली तर पुढे तीच चालवील, आणि मुले आपल्यापेक्षा तिचेच अधिक ऐकतील. पोडावर जावयाचे झाल्यास दोनही भाषा येणारा कोलाम तरुण बरोबर असावा. नाही तर पहिला महिना 'हे काय, ते काय' यातच जाईल. शाळेच्या मास्तरास न कळविता काही करू नये. तो शत्रू नव्हे. चार इयत्ता एकट्याने ओढणाऱ्या मनुष्यास मदत नको असते असे नाही, मात्र ती मदत त्याच्यावर तपासनीस म्हणून आलेली नसावी.

राहता राहिला ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. तांडे परत येतात ते चैत्र-वैशाखात. तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते, परीक्षा झालेल्या किंवा होत असतात, आणि या मुलांच्या हाती काहीच नसते. परंतु विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे त्यांच्यासाठी मे व जून असे जवळजवळ दोन महिने मोकळे आहेत, सकाळी सात ते नऊ उन्हाचा ताप सोसण्यासारखा असतो, आणि आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या इमारती आठवड्याचे सहा दिवस कुलुपात असतात.